रॉकेल कुणाच्या घरचं होतं

घर विकायला निघालेला माणूस दलालाकडे येतो तेव्हा तो आधीच भ्यालेला असतो. घेणारा हौसेने येतो, चार घरं बघतो, नाक मुरडतो, चहा पितो आणि जातो. विकणारा मात्र दाराशी उभा राहून आधी आत कोण बसलंय ते बघतो. भावाला कळेल का, शेजाऱ्याला कळेल का, फसलो तर बायकोला काय सांगायचं, हे सगळं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. नगरात चाळीस वर्षं घरांची दलाली केली, त्यात खात्रीने सांगता येईल असं मला एवढंच कळलं.

लोकांना वाटतं, जो दलाल जास्त किंमत बोलतो त्याच्याकडे विकणारा जातो. तसं नसतं. किंमत सगळेच जास्त बोलतात. विकणारा बघतो ते वेगळंच. घराच्या भिंतीची ओल आपण होऊन कोण बोलून दाखवतो, शेजारी कोण आहेत हे कोण विचारतो, बायकामाणसांना आत जायला सवड देऊन मग माजघरात पाऊल कोण टाकतो. एकदा निवड झाली की तो माणूस आपल्या घराच्या किल्लीबरोबर आपली भीतीही दलालाच्या हातात देतो. ती कशी वापरायची हे मग दलालावर. गिऱ्हाईक आणायचं, बोलणी जुळवायची, इसाराची आगाऊ रक्कम देववायची, कागद तपासायचे, आणि शेवटी दोघांना रजिस्टर कचेरीत समोरासमोर उभं करून खरेदीखतावर सह्या घ्यायच्या, एवढं आमचं काम. बाहेरून सोपं दिसतं.

ती भीती मी एकदा वाईट वापरली, ते आधी सांगतो. दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. भिंगारच्या छावणीत अफवा उठली की वेशीजवळची घरं लष्कर ताब्यात घेणार. तिथे एक कारकून राहत होते. त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, खरं आहे का हो? मला काहीच ठाऊक नव्हतं. मी नुसता खाली बघत पानाला चुना लावत राहिलो. त्यांनी माझ्या गप्प बसण्यातून हवा तो अर्थ काढला आणि आठ दिवसांत घर मिळेल त्या भावाला देऊन टाकलं. लष्कर काही आलं नाही. पुढे ते कारकून रस्त्यात भेटले की थांबून नमस्कार करायचे. मी त्यांना वेळेवर सोडवलं असंच ते शेवटपर्यंत समजत होते. त्यांचा तो नमस्कार घेताना मला घाम फुटायचा. तरी घेत होतो.

आता जी सांगणार आहे ती हकिगत अठ्ठेचाळीस सालची. तोवर मी बत्तिशीचा झालो होतो, माझं नाव झालं होतं. नामदेव शिंपी म्हणजे सरळ माणूस, असं माळीवाड्यात बोललं जायचं.

त्या जानेवारीच्या शेवटी दिल्लीत महात्म्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा ब्राह्मण होता हे दुसऱ्या दिवशी सगळीकडे झालं, आणि मग आमच्या भागात गावोगाव ब्राह्मणांच्या घरांना आगी लागल्या. गावोगावची कुटुंबं बोचकी घेऊन नगरात आली आणि नातलगांच्या खोल्यांमधून राहू लागली. उन्हाळा लागता लागता त्यांतले काहीजण दलाल शोधू लागले.

तसे एक गुरुजी होते. मिरजगावच्या पुढे दोन कोसांवरच्या एका गावात त्यांनी बावीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, आजही तिथे माणसं नांदताहेत. गुरुजी पन्नाशीचे, बोलायला हळू. त्यांच्या पत्नी जानकीबाई चाळिशीच्या. दोघं आणि दोन मुली नगरात बहिणीच्या घरी एका खोलीत राहत होती. मी गेलो तेव्हा गुरुजींनी मला सतरंजीवर बसवलं. जानकीबाई आतल्या दाराआड उभ्या होत्या, त्यांचं फक्त लुगड्याचं टोक दिसत होतं.

माझ्याआधी दोन दलाल येऊन गेले होते. एकाने सल्ला दिला होता की घर जळल्याचं गिऱ्हाइकाला सांगूच नये, भिंती सारवून घ्याव्यात. दुसरा म्हणाला होता, पंधरा दिवसांत विकून दाखवतो, गावाला भ्यायचं कारण नाही. गुरुजींनी मलाही विचारलं, की तुम्हाला त्या गावात जावं लागेल, चार माणसांना भेटावं लागेल, जाल ना?

मी म्हणालो, "जाईन. पण भीती वाटते, ते लपवत नाही."

गुरुजी काही बोलायच्या आत दाराआडून आवाज आला, "ह्यांनाच द्या."

मग जानकीबाई दारात आल्या आणि त्यांनी आपली अट सांगितली. जाळायला आलेली गर्दी बाहेरगावची होती, ट्रकमधून आली होती. गुरुजी मुलींना घेऊन मागच्या परड्यातून बाहेर पडत होते, तेव्हा देवघराच्या खिडकीतून बाईंना गावातलं एक ओळखीचं तोंड दिसलं होतं. त्या माणसाच्या हातात रॉकेलचा डबा होता. घर कुणालाही द्या, पडत्या भावाने द्या, पण त्या माणसाला द्यायचं नाही. मी साहजिकच नाव विचारलं. बाईंनी नाव सांगितलं नाही. म्हणाल्या, तुम्हाला कळलं तर त्याच्यासमोर तुमच्या तोंडावर ते दिसेल, आणि मग तुमचं काय होईल सांगता येत नाही. तुम्ही गिऱ्हाईक आणा, मी हो की नाही ते सांगेन.

एवढं ऐकल्यावर मी ते काम सोडायला हवं होतं. सोडलं नाही, कारण "ह्यांनाच द्या" हे शब्द मला आवडले होते.

चैत्रातल्या एका सकाळी मी मिरजगावला सर्व्हिस मोटारीतून उतरलो आणि पुढचे दोन कोस चालत गेलो. ज्वारी निघून गेली होती, रानात नुसती धसकटं. वाटेत माणूस भेटला की मी रामराम करायचो आणि तो पुढे गेला की मागे वळून बघायचो. कारण ज्याच्या हातात डबा होता तो कोण, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे तो कुणीही होता. वाट सांगणारा, विहिरीवर मोट हाकणारा, पारावर बिडी ओढत बसलेला.

चावडीपुढे पाच-सहाजण बसले होते. मधोमध गावातलं वजनदार माणूस, सगळे त्यांना आबा म्हणत होते. त्यांनी मला बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला तो जातीचा. मी शिंपी, हे मी इतक्या घाईने सांगून टाकलं की माझंच बोलणं माझ्या कानात घुमलं. त्या घाईची लाज मला आजही वाटते. गुरुजींच्या खोलीतल्या त्या सतरंजीवर बसून आलो होतो, आणि इथे मी ह्यांच्यातला नाही असं ओरडून सांगितल्यासारखं झालं.

आबांनी काम ऐकून घेतलं. म्हणाले, मास्तरचं घर आता कोण घेतंय, लाकडाच्या भावात मी घेईन, तसं कळवा. मी म्हणालो, गावात आणखी कुणाला विचारून बघतो. त्यावर ते हसले नाहीत की रागावले नाहीत.

"बघा की. पन लई फिरू नगा. ऊन हाय."

ऊन होतंच. तरी ते वाक्य ऐकून माझी पाठ गार पडली.

घर मी पाहिलं. पुढचे दोन खण धाब्याचे, मातीच्या सपाट छताचे, ते शाबूत होते. मागचं गवताचं छप्पर, स्वयंपाकघर आणि सरपणाची खोली जळून गेली होती. मधल्या तुळईचं टोक कोळसा झालं होतं. दारं जाग्यावर नव्हती, चौकटी तेवढ्या उभ्या. शेजारच्या घराची आणि ह्या घराची भिंत एकच होती. मी चौकटीत उभा राहून बाहेर बघत होतो, तेवढ्यात त्या शेजारच्या घरातून एकजण पाण्याचा तांब्या घेऊन आला. तिशीचा शेतकरी, अंगात बंडी, नाव भानुदास. गुरुजींच्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला. मी पाणी प्यायलो. त्याने विचारलं, "गुरुजी बरं हायती का? काकूंचं कसं हाय?"

सबंध गावात हे विचारणारा तो एकच माणूस निघाला.

त्याने मला आपल्या गोठ्यात नेलं. गुरुजींच्या घराची तिन्ही दारं त्याने काढून तिथे कडब्याआड उभी करून ठेवली होती. न्हाईतर लोकांनी नेली असती, म्हणाला. मग त्याने सांगितलं की घर त्याला हवंय, गुरुजी म्हणतील ती किंमत तो देईल, एक बैलजोडी विकावी लागेल तेवढंच. मी सांगितलेल्या आकड्यावर त्याने घासाघीस केली नाही. इथे मला शंका यायला हवी होती. घासाघीस न करणारा घेणारा माझ्या धंद्यात मी तोवर एकही पाहिला नव्हता. पण मला त्या गावातून निघायचं होतं, आणि चांगलं गिऱ्हाईक सापडल्याच्या आनंदात मी ते दोन कोस जवळजवळ पळतच आलो.

नगरात येऊन मी गुरुजींना सगळं सांगितलं, दारांचंही सांगितलं. मी भानुदास हे नाव काढलं. धाकटी मुलगी पाटीवर लिहीत होती, ती थांबली. जानकीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

गुरुजींनीच सांगितलं, की बाईंनी पाहिलेलं तोंड ते हेच.

मला वाटलं, सौदा संपला. मी उठायला लागलो तशा बाई म्हणाल्या, बसा. मग म्हणाल्या, रॉकेल रेशनवर मिळतं, गावात डबाभर रॉकेल कुणाच्या घरी सहज नसतं. "त्याला एवढंच विचारून या. रॉकेल त्याने आपल्या घरून आणलं होतं, की त्या लोकांनी त्याच्या हातात दिलं? तो काय सांगतो ते तसंच्या तसं मला येऊन सांगा."

हातात दिलं असेल तर तो जुलमाखाली होता. घरून आणलं असेल तर आपण होऊन आला होता. बाईंचा सगळा जीव त्या एका उत्तरात अडकला होता. मी हो म्हणालो.

चार दिवसांनी मी पुन्हा मिरजगावला उतरलो. मोटारीच्या थांब्यावर चावडीपुढच्या त्या माणसांपैकी एक उभा होता. त्याने मला ओळखलं. "पुन्ना आला व्हय?" एवढंच म्हणाला आणि गावाच्या वाटेने सायकलवर पुढे निघून गेला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो आता चावडीवर सांगणार. मग मी त्या गावात एकटा जाणार, एका माणसाच्या दारात उभा राहणार आणि त्याला विचारणार, की बाबा, तू आग लावलीस तेव्हा रॉकेल कुणाचं होतं? असल्याच चौकशीसाठी पोलिस गावं धुंडाळत होते, माणसं आत गेली होती. मी पोलिसांचा माणूस ठरलो असतो. भानुदासच कशावरून कुऱ्हाड घेऊन अंगावर आला नसता?

समोर चहाचं दुकान होतं. जरा बसून निघू म्हणून आत गेलो. एक चहा झाला, दुसरा झाला. दुपारी नगरची मोटार आली तेव्हा मी दुकानातून उठलो आणि तिच्यात जाऊन बसलो.

संध्याकाळी गुरुजींच्या खोलीवर गेलो. वाटेत ठरवलं होतं, की गाठ पडली नाही असं सांगायचं. पण दार उघडलं ते जानकीबाईंनी, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझ्या तोंडून निघून गेलं, "हातात दिलं. त्या लोकांनीच त्याच्या हातात दिलं."

"असं तो स्वतः म्हणाला?"

"हो."

बाईंनी डोळे मिटले. गुरुजी म्हणाले, मग होऊ दे.

पुढचं भराभर झालं. भानुदास नगरात येऊन माझ्या हाती इसार देऊन गेला. मी त्याला गुरुजींच्या घरी नेलं नाही, आणि त्यानेही नेण्याविषयी विचारलं नाही. त्याच्यासमोर तो प्रश्न काढायची आता मला सोयच नव्हती. कागद तयार झाले आणि वैशाखात कर्जतच्या रजिस्टर कचेरीत जायचा दिवस ठरला. सही गुरुजींची लागणार होती, बाईंचं तिथे काम नव्हतं. तरी त्या आल्या. आदली सबंध रात्र मला झोप नव्हती. दोघं समोरासमोर आली तर काय बोलतील, हे एकच डोक्यात. सह्या होईपर्यंत कुणी काही बोलू नये म्हणून मी कचेरीत सारखा मध्ये मध्ये करत होतो. गुरुजींना पाणी आणून दे, भानुदासला साक्षीदारांकडे पाठव, असं चाललं होतं.

कारकुनाने खरेदीखत वाचायला घेतलं. चतुःसीमा वाचल्या, पश्चिमेला भानुदासचं घर, भिंत सामाईक. तिथवर आल्यावर भानुदास एकदम पुढे झाला आणि गुरुजींच्या पायांशी वाकून उभा राहिला.

"सही करायच्या आदी सांगतो गुरुजी. मागं कळलं तर तुमी म्हनाल, फसवलं. रॉकेल माज्या घरचं हुतं."

मग त्याने सगळं सांगितलं. गर्दी आधी सामाईक भिंतीकडूनच पेटवायला निघाली होती. तिथून पेटतं तर दोन्ही घरं गेली असती. भानुदासची बायको आत बाळंतीण होती. तो मध्ये पडला, म्हणाला, थांबा, मीच लावतो, आणि घरातून डबा आणून त्याने मागचं गवताचं छप्पर पेटवलं, भिंतीपासून सगळ्यात लांबचं. लोक ते जळताना बघून पुढच्या गावाला गेले. मग त्याने आणि त्याच्या भावाने पाणी मारून पुढचे खण राखले. आपलं घर वाचवायला मी तुमचं पेटवलं, हे त्याने कुठेही न लपवता सांगितलं.

जानकीबाई त्याच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मग ह्यांना वेगळं का सांगितलंस? ह्यांनी तुला विचारलं तेव्हा?"

भानुदासने माझ्याकडे बघितलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"कवा? मला कुनी काय इचारलं न्हाई काकू."

कचेरीत आणखी दहाजण होते. मला ते दिसत नव्हते. गुरुजी माझ्याकडे बघत होते. बाईंनी तेवढंही केलं नाही. त्या भानुदासला म्हणाल्या, बाहेर चल, आणि पदर सावरून कचेरीच्या पायऱ्या उतरल्या.

बाहेर लिंबाचं मोठं झाड होतं. त्याच्या सावलीत दोघं उभी राहिली. मी ओसरीवर खांबाला धरून उभा होतो. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं. आधी बाईच बोलत होत्या. मग भानुदास खाली मातीत बसला आणि डोक्याचं मुंडासं काढून त्याने तोंडावर घेतलं. बाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग त्याही समोर दगडावर बसल्या. कारकुनाने दोनदा हाक मारली. एवढे सौदे मी जुळवले, प्रत्येकात दोघांच्या मधोमध मी होतो. ह्या एकात नव्हतो.

बऱ्याच वेळाने त्या आत आल्या. गुरुजींना म्हणाल्या, "करा सही."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. गुरुजींना नगरात शाळेत काम मिळालं, मुली इथेच शिकल्या, लग्नं झाली. भानुदासने मागच्या बाजूला पत्रे घातले आणि ती तीन दारं होती त्या चौकटींत पुन्हा बसवली. झाडाखाली काय बोलणं झालं हे बाईंनी कुणाला सांगितल्याचं मी ऐकलं नाही. गुरुजींनी माझी दलाली ठरल्याप्रमाणे घरी पाठवली. ती परत करावी असं मनात आलं होतं. केली नाही.

पण त्या दिवशी परतीच्या मोटारीत आम्ही तिघंच कर्जतहून बसलेलो. गुरुजी खिडकीशी, त्यांच्या शेजारी बाई, आणि मी मागच्या बाकावर. मिरजगाव आलं. ते चहाचं दुकान मागे गेलं. मला वाटलं, आता आपणच काही बोलावं. मी पुढे वाकून म्हणालो, "बाई, मी गेलोच नव्हतो. इथवर आलो आणि भ्यालो."

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मोटारीच्या आवाजात मला नीट ऐकू यावं म्हणून जरा मोठ्याने म्हणाल्या, "येऊन तेवढं सांगायचं होतंत. मी गेले असते विचारायला."

नगर यायला अजून दोन तास होते.